उत्तर मिळणे आणि उत्तर येणे

वर्गणी हा शब्द आपल्या घरांना परका नाही. गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, नियतकालिकाची वर्गणी. या साऱ्यांत एक रीत समान असते. मुदत संपली की कोणीतरी दारात येते किंवा पत्र पाठवते, आणि त्या निमित्ताने आपणही क्षणभर थांबून ठरवतो की पुढे चालू ठेवायची की नाही. गेल्या काही वर्षांत मात्र विचारायला न येणारी एक वर्गणी घरात शिरली आहे. मुलांना अभ्यासात ऑनलाइन साहाय्य देणाऱ्या सेवांचे शुल्क बँकेच्या खात्यातून आपोआप वळते होते, आणि ते नेमके कशासाठी गेले, त्यातून काय आले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब पैशापर्यंत ठेवणाऱ्या घरांतही हा खर्च 'मुलांच्या शिक्षणाचा' म्हणून प्रश्नाविना मान्य होतो.

सोलापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांची कन्या नववीत, सेमी-इंग्रजी माध्यमात शिकते. गतवर्षी अशा एका सेवेचे वार्षिक शुल्क भरले. तेव्हापासून गृहपाठ एकही दिवस अपुरा राहिलेला नाही, वहीतील उत्तरे बरोबर असतात, शिक्षकांची तक्रार नाही. तरीही घटक चाचणीत गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांतले गुण उतरले. मुलीला विचारले तर ती म्हणते, "आई, मला सगळं येतं गं, पेपरातच आठवत नाही." वर्गणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. सेवा चांगली आहे की वाईट, आणि पुढे चालू ठेवावी की बंद करावी, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

अमुक सेवा घ्या, तमुक घेऊ नका, असे या स्तंभातून सांगणे उचित नाही आणि त्याचा उपयोगही होणार नाही. सेवा दर सहा महिन्यांनी आपले रूप पालटतात. एकाच सेवेने एका मुलाचे भले होते आणि त्याच्याच वर्गातील दुसऱ्याचे नुकसान. तथापि पारख करण्याची रीत सांगता येते. त्या मुलीच्या एका वाक्यातच तिचे मूळ आहे.

मराठीत आपण पोहता येते म्हणतो, पोळी लाटता येते म्हणतो आणि गणित येते म्हणतो. 'येणे' या क्रियापदात अंगी बाणलेले कौशल्य अभिप्रेत असते. साधन काढून घेतले, सोबतचा माणूस उठून गेला, तरी जे उरते ते आपल्याला 'येते'. उत्तर 'मिळते' ते मात्र बाहेरून. गृहपाठाच्या वहीवर या दोहोंचे अक्षर एकसारखेच दिसते, आणि पालकांची व मुलांची फसगत नेमकी येथे होते. ती मुलगी खोटे बोलत नाही. समोर सुटत गेलेले उदाहरण तिला खरोखरच समजले होते. समजणे आणि येणे यांमधले अंतर तिने अजून चाललेले नाही, एवढेच.

प्रथम या सेवांचे स्वरूप पाहू. काही सेवा आधी मुद्रित केलेले पाठ दाखवतात. काही ठिकाणी ठरावीक वेळी शिक्षक प्रत्यक्ष शिकवतात. तिसरा, आणि आज सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार शंकानिरसनाचा आहे. प्रश्नाचे छायाचित्र काढायचे, पाठवायचे, आणि काही क्षणांत पायऱ्यांसह सोडवलेले उत्तर वाचायचे. सोलापूरची सेवा याच प्रकारातील, आणि येथे विवेचनही मुख्यत्वे याच प्रकाराचे आहे.

हा व्यवसाय जगात कसा वाढला आणि कसा खचला, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील 'चेग' ही कंपनी महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके भाड्याने देत असे. पुढे तिने दरमहा शुल्क घेऊन त्याच पुस्तकांतील प्रश्नांची सोडवलेली उत्तरे देण्यास आरंभ केला. त्या उत्तरांपैकी पुष्कळ उत्तरे भारतात घरबसल्या काम करणारे विषयतज्ज्ञ लिहीत. कोरोनाच्या काळात परीक्षा घरून होऊ लागल्या, तशी या सेवेची भरभराट झाली, आणि विद्यार्थ्यांच्या बोलीत कंपनीचे नाव नक्कल करण्याचे क्रियापद म्हणून रूढ झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट जीपीटी आले. मे २०२३ मध्ये, नव्या ग्राहकांच्या वाढीवर त्याचा परिणाम होत असल्याचे कंपनीने सांगताच एका दिवसात तिच्या समभागाची किंमत जवळपास निम्म्यावर आली. पालकांच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ सरळ आहे. तयार उत्तराचे मोल बाजारानेच मातीमोल केले आहे. तेव्हा वर्षाला काही हजार रुपये मोजताना आपण उत्तरासाठी पैसे देत असू, तर फुकटच्या भावात मिळणारी वस्तू विकत घेत आहोत. पैसे द्यायचेच, तर ते दुसऱ्या कशासाठी तरी असावेत.

ते दुसरे काय, हे कळण्यासाठी स्मरणाचे शास्त्र थोडे जवळून पाहावे लागेल.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले, तर दुसऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्याने पुन्हा चाचणी झाली आणि चित्र उलटले. वाचणाऱ्यांच्या स्मरणात ४० टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात ६१ टक्के. आठवण्याचा यत्न हीच स्मरणशक्तीची मशागत आहे, आणि तो यत्न करताना होणारा त्रास हा त्या मशागतीचाच भाग आहे, असा याचा आशय. आपल्या जुन्या पाठांतराच्या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती बऱ्याच अंशी योग्यही होती, परंतु पुस्तक मिटून पाढे म्हणायला लावणाऱ्या गुरुजींना या बाबतीत एक गोष्ट ठाऊक होती, हे मान्य केले पाहिजे.

आता गृहपाठाकडे वळू. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात आर्नल्ड ग्लास आणि मेंगशुए कांग यांनी अकरा वर्षांतील २,४३३ विद्यार्थ्यांचे गृहपाठाचे आणि परीक्षेचे गुण ताडून पाहिले. स्वाभाविक अपेक्षा अशी की ज्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने गृहपाठात शोधले, तोच प्रश्न परीक्षेत आल्यावर त्याला अधिक गुण मिळावेत. २००८ मध्ये बहुतेकांचे तसेच होत होते. गृहपाठापेक्षा परीक्षेत कमी गुण मिळवणारे केवळ १४ टक्के होते. २०१७ मध्ये हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले. स्वतः विचार न करता आंतरजालावरून उत्तर उतरवून काढणे हे त्याचे कारण असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. सोलापूरच्या मुलीची वही आणि तिची घटक चाचणी यांतील तफावत अशी जुनी आणि सार्वत्रिक आहे. तिच्या आईने मुलीला आळशी समजण्याचे कारण नाही.

याहून बोलका प्रयोग तुर्कस्तानातील आहे. तेथील एका माध्यमिक विद्यालयात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले आणि गणिताचा सराव देण्यात आला. एका गटाजवळ फक्त पुस्तक आणि वही. दुसऱ्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचे असे साधन दिले, जे विचारताच उत्तर देई. तिसऱ्याला तेच साधन, परंतु शिक्षकांनी लगाम घातलेले. ते उत्तर न सांगता सूचक इशारे देई. सरावाच्या वेळी दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली आणि तिसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. मग साधने काढून घेऊन परीक्षा झाली. उत्तर देणाऱ्या साधनावर विसंबलेली मुले, ज्यांना कोणतेच साधन मिळाले नव्हते त्यांच्याही १७ टक्के मागे पडली. इशारे देणाऱ्या साधनाच्या गटाचे असे नुकसान झाले नाही. मात्र त्यांना लाभही दिसला नाही. ते वही-पुस्तकवाल्यांच्या बरोबरीला राहिले.

हा शेवटचा तपशील जाहिरातीत कोणी सांगणार नाही. उत्तम घडवलेल्या साधनानेही सरावात जी झेप दिसली, ती परीक्षेच्या दालनापर्यंत पोहोचली नाही. म्हणून 'आमच्या सेवेवर आपल्या पाल्याने या महिन्यात १४० प्रश्न सोडवले' असा जो रंगीत अहवाल पालकांच्या भ्रमणध्वनीवर येतो, त्याकडे शांत चित्ताने पाहावे. ते १४० प्रश्न कोणी सोडवले, हे त्या अहवालात नसते.

आता पारख. बहुतेक सेवा आरंभी सात किंवा चौदा दिवस विनामूल्य वापरू देतात. पूर्वीच शुल्क भरलेले असेल, तर नूतनीकरणाच्या आधीचे दोन आठवडे या कामी वापरावेत. मुलाला आधी विश्वासात घ्यावे. 'तू फसवतोस का ते पाहायचे आहे' या सुरात काही करू नये. परीक्षा सेवेची आहे, त्याची नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे आणि स्वतःही तसेच मानावे. मग आठवडाभर त्याला नेहमीप्रमाणे सेवा वापरू द्यावी. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातील सरावसंचांमधील ज्या उदाहरणांना त्याने साहाय्य घेतले, त्यांवर पेन्सिलीने बारीक खूण करण्यास सांगावे. रविवारी सकाळी, न्याहारीनंतर, त्यांपैकी पाच उदाहरणे कोऱ्या कागदावर उतरवून द्यावीत. फोन दुसऱ्या खोलीत. वेळेचे बंधन नको, गुण नकोत.

किती उत्तरे बरोबर आली, यापेक्षा पेन्सिल कोठे थांबली, याकडे लक्ष द्यावे. उदाहरण वाचून पहिली पायरी लिहिता येत असेल आणि पुढे आकडेमोडीत चूक होत असेल, तर चिंतेचे कारण नाही. मूल शिकत आहे. परंतु कागद समोर ठेवून पहिली ओळच सुचत नसेल, 'हे मी केलं होतं' एवढेच आठवत असेल, तर आठवडाभर सेवेने त्याच्या वतीने विचार केला असे समजावे. पाचांपैकी दोन किंवा तीन उदाहरणांत असे झाले तरी ते पुरेसे बोलके आहे. गणिताचा ज्यांना धाक वाटतो अशा पालकांनाही हे निरीक्षण करता येते. उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी पुस्तकामागे उत्तरसूची असतेच.

विज्ञानासाठी याहून सोपी रीत आहे. मुलाने आजीला किंवा धाकट्या भावंडाला दोन मिनिटांत समजावून सांगावे: बस एकदम थांबली की आपण पुढे का झुकतो, हिवाळ्यात तोंडातून वाफ का निघते. आजी मध्येच 'म्हणजे काय रे?' असे विचारते, आणि त्या प्रश्नाचे सामर्थ्य कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक असते.

मूल हे करत असताना पालकांनी अर्धा तास स्वतः ती सेवा वापरून पाहावी. मुलाच्या नव्हे, आपल्या प्रश्नांनी. एक प्रश्न मुद्दाम असा द्यावा: त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ८ सेंमी आहेत, तर क्षेत्रफळ काढा. असा त्रिकोण अस्तित्वातच नसतो, कारण कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावी लागते आणि येथे तीन अधिक चार म्हणजे सातच होतात. चांगला शिक्षक हसून म्हणेल, 'आधी काढून तर दाखव.' सेवा जर सूत्रात आकडे घालून मुकाट्याने काहीतरी उत्तर देत असेल, तर तिच्यावर मुलाला एकटे सोडणे धोक्याचे. मग एखाद्या सोप्या उदाहरणात 'मला उत्तर नको, पुढची पायरी सुचवा' असे विचारून पाहावे. काही सेवा खरोखर थांबतात आणि उलट प्रश्न विचारतात. काही नम्रपणे 'हो' म्हणतात आणि संपूर्ण उत्तर समोर ओततात. नेमका हाच गुण विकत घेण्याजोगा आहे.

भाषेचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातील मूल 'त्वरण', 'संवेग', 'लसावि' या शब्दांत विचार करते. कित्येक सेवा वरवर मराठीत असतात, परंतु आतील मजकूर यंत्राने भाषांतरित केलेला असतो आणि त्यांतील परिभाषा बालभारतीशी जुळत नाही. मुलाला मग संकल्पनेसोबत एक अनोळखी शब्दही सोडवावा लागतो. राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि प्रवेशपरीक्षा यांच्या उत्तरलेखनाच्या अपेक्षा वेगळ्या आहेत. कंपनीचा प्रतिनिधी 'सर्व मंडळांसाठी उपयुक्त' असे सांगेल तेव्हा आपल्या पुस्तकातील एका विशिष्ट पाठाचे नाव घेऊन तो दाखवा असे म्हणावे.

एवढे वाचून या सेवा निरुपयोगी असतात असा ग्रह होऊ नये. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हात वर करण्याचे धैर्य नसलेले मूल पडद्यापुढे तोच प्रश्न चार वेळा विचारू शकते, आणि कोणी हसत नाही. दीर्घ आजारात शाळा बुडालेले मूल, ज्या गावी भौतिकशास्त्राचा शिक्षकच नाही तेथील अकरावीचा विद्यार्थी, दोन्ही पालक रात्री आठनंतर घरी येतात असे घर. येथे या साहाय्याला खरे मोल आहे. ज्या मुलाला गणिताचे भय आहे, त्याला एक अडलेली गाठ वेळेवर सुटल्याने झोप लागते, हेही पाहण्यात आहे. अशा मुलाला सेवा तोडून 'स्वतः कर' असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याचा भोपळा खोल पाण्यात काढून घेणे. तेथे उपाय निराळा. भोपळा राहू द्यावा, हळूहळू हवा कमी करावी, असे म्हणवत नाही, कारण भोपळ्यात हवा भरलेली नसते. पण आशय वाचकांच्या ध्यानी आला असेल.

वापर चालू ठेवायचा ठरल्यास एक शिस्त पुरेशी आहे. अडल्यावर प्रथम पंधरा मिनिटे वही-पुस्तकाशी झुंज द्यावी, जेथे अडले ती जागा शब्दांत लिहावी, मग तेवढाच प्रश्न सेवेला विचारावा. उत्तर वाचून झाल्यावर पडदा बंद करून ते उदाहरण पुन्हा मांडावे, आणि दुसऱ्या दिवशी न पाहता एकदा. यात वेळ अधिक जातो. पहिल्या आठवड्यात मुले कुरकुरतात आणि गृहपाठ क्वचित अपुरा राहतो. तो अपुरा राहू द्यावा. शिक्षकांना चिठ्ठी लिहून कळवावे. बहुतेक शिक्षकांना नक्कल केलेल्या पूर्ण वहीपेक्षा अडलेल्या जागेवर खूण केलेली वही अधिक आवडते.

आरोग्याच्या दृष्टीने या सेवांचा खरा भार पडतो तो झोपेवर. शंका रात्रीच येतात, आणि सेवा रात्रभर जागी असते. पूर्वी रात्री साडेदहाला अडलेले उदाहरण सकाळपर्यंत अडलेलेच राहत असे, मूल झोपी जाई आणि सकाळी बाईंना विचारी. आता साडेदहाचा एक प्रश्न, त्याखाली सुचवलेले तसेच आणखी तीन प्रश्न, मग मित्राचा संदेश, असे करत मध्यरात्र होते. तेरा ते अठरा या वयात चोवीस तासांत ८ ते १० तास झोप आवश्यक मानली आहे, आणि सहा ते बारा या वयात ९ ते १२ तास. दिवसा शिकलेले स्मरणात स्थिर होण्याचे काम झोपेतच मोठ्या प्रमाणात चालते. म्हणजे उशिरापर्यंत जागून मिळवलेले उत्तर टिकवण्याची सोयच आपण मोडून टाकतो. 'पेपरातच आठवत नाही' या तक्रारीचे एक मूळ येथेही असू शकते. सोलापूरच्या भगिनींनी पत्रात मुलगी रात्री किती वाजता निजते याचा उल्लेख केलेला नाही. तो पंधरा दिवस दिनदर्शिकेच्या चौकटीत टिपून ठेवावा. सेवेची वेळ रात्री नऊपर्यंत, आणि निजण्याच्या खोलीत फोन नाही, एवढे दोन नियम घरातील मोठ्यांनीही पाळले तर भांडण कमी होते.

दुसरी गोष्ट मनाची. अनेक सेवांत 'सलग किती दिवस वापरले' याची माळ दाखवतात, ती तुटली की मुले खरोखर हिरमुसतात. क्रमवारीत इतर मुलांची नावे दिसतात. दिवसभरात सूचनांचे टिंग टिंग चालते. खेळकर वाटणाऱ्या या योजना मुलाला अभ्यासाशी बांधत नाहीत, त्या सेवेशी बांधतात. सेटिंगमध्ये जाऊन सूचना बंद करता येतात का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. न येत असतील, तर ती बाब वर्गणी न भरण्यास पुरेशी मानावी, असे माझे मत आहे.

डोळ्यांविषयी थोडक्यात. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे अधिक मोकळ्या प्रकाशात नेले. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने जडलेल्या निकटदृष्टितेचे प्रमाण ३०.४ टक्के आढळले, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत ३९.५ टक्के. सेवेच्या वापराचा एक तास वाढणार असेल, तर तो मैदानाच्या तासातून कापला जाऊ नये, एवढे ध्यानात ठेवावे.

पैसे भरण्यापूर्वी आणखी एक चौकशी घरातच करावी. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर संकेत भ्रमणध्वनीने वाचला की 'दीक्षा' या शासकीय मंचावरील त्या त्या पाठाचे साहित्य विनामूल्य उघडते. खान अकॅडमीचे पाठही विनामूल्य आहेत. ज्या वस्तूसाठी वर्गणी मागितली जात आहे, तिचा मोठा भाग आधीच दप्तरात असतो.

आता व्यवहार. बहुवार्षिक शुल्क एकरकमी भरू नये, मग सवलत कितीही मोठी असो. बायजूजसारखी एके काळी देशातील सर्वांत मूल्यवान गणली गेलेली नवउद्योग कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तीन वर्षांचे शुल्क भरताना आपण ती कंपनी तीन वर्षे टिकेल याचीही हमी गृहीत धरत असतो. 'सुलभ हप्ते' हे बहुधा पालकांच्या नावावरचे कर्ज असते. मूल शिकणे थांबवते, कर्ज थांबत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना आपोआप वजावटीच्या संमतीविषयी आणि अशा कर्जांविषयी सावध केले होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवर्ती वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. तथापि १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि मुलांच्या सेवांचे शुल्क बहुधा या मर्यादेच्या आतच बसते. तो संदेश इतर पन्नास संदेशांत हरवतो. वर्गणी घेण्यास एक बोट लागते आणि सोडण्यास चार पडदे ओलांडावे लागतात, 'आपल्या पाल्याच्या भवितव्याशी खेळू नका' अशी लाजवणारी वाक्ये वाचावी लागतात. अशा तेरा क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे मज्जाव केला आहे, आणि वर्गणीच्या सापळ्याचा त्यांत नावानिशी समावेश आहे. अमेरिकेत वर उल्लेखलेल्या चेग कंपनीला, वर्गणी रद्द करणे अवघड केल्याच्या आरोपावरून, सप्टेंबर २०२५ मध्ये ७५ लाख डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. याच कंपनीकडून २०१८ मध्ये सुमारे चार कोटी वापरकर्त्यांची माहिती बाहेर गेली होती. म्हणून नोंदणी करताना मुलाचा फोन क्रमांक, शाळेचे नाव, जन्मतारीख हे सारे मागितले गेले तरी जे अनिवार्य नाही ते देऊ नये, क्रमांक पालकांचा द्यावा. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे.

वर्गणी बंद करण्याचे ठरल्यास फोनवरून ॲप काढून टाकणे पुरेसे नाही. त्याने वजावट थांबत नाही. सेवेच्या खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करावे, मग ज्या यूपीआय ॲपवरून संमती दिली त्यातील 'ऑटोपे' विभागात किंवा बँकेच्या संकेतस्थळावरील स्थायी सूचनांच्या यादीत ती संमतीही रद्द करावी. हे काम वजावटीच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी उरकावे. रद्द केल्याचा निरोप जपून ठेवावा आणि पुढील महिन्याचे बँक विवरण एकदा डोळ्यांखालून घालावे. तरीही रक्कम गेलीच, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवता येते.